डोळ्याच्या गाडीतून पॅलेसपर्यंत

गाडीवर डोळा आहे हे आम्हाला कळलं ते संगमेश्वरच्या अलीकडे, एका चहाच्या टपरीवर. टपरीवाल्याने तीन ग्लास पुढे केले, आमच्या गाडीकडे निरखून बघितलं आणि विचारलं, "आज कँप कुठं हाय?"

"कसला कँप?" आमच्या यांनी विचारलं.

"डोल्यांचा."

आम्ही तिघांनी एकदम मागे वळून बघितलं. सकाळचं ऊन गाडीच्या कुशीवर तिरपं पडलं होतं आणि यांनी स्वतः उभं राहून मारून घेतलेल्या पांढऱ्याशुभ्र रंगाखालून एक निळा डोळा वर आला होता. साधासुधा नाही, परातीएवढा. पापण्यांसकट. त्याच्याखाली, शाईच्या कागदावर पाणी पडल्यावर दिसतात तशी अक्षरं होती, 'मोफत नेत्र तपासणी'. त्यातला 'मोफत' तर अगदी ठळक.

"रंगाचे दोन हात दिले होते," हे म्हणाले.

"तिसरा द्यायला हवा होतास," वन्सं म्हणाल्या आणि चहा प्यायला लागल्या.

गाडीची हकिकत अशी. आमचे हे जहाजावर चीफ इंजिनियर होते. चौतीस वर्षांत यांनी जगातली बंदरं पालथी घातली, पण रत्नागिरीला आले की महिनाभर झोपायचे, आंबे खायचे आणि परत जायचे. निवृत्त होऊन घरी आले तेव्हा यांच्या लक्षात आलं की ज्या जिल्ह्यात आपण जन्मलो त्यातलं आपण काहीच पाहिलेलं नाही. संगमेश्वरचं कसबा नाही, हेदवी नाही, इतकंच काय, घरापासून दहा मिनिटांवर असलेला, इंग्रजांनी नजरकैदेत ठेवलेल्या ब्रह्मदेशाच्या राजाचा राजवाडाही नाही. त्याला आमच्याकडे नुसतं पॅलेस म्हणतात. मी चाळीस वर्षं रत्नागिरीत गणित शिकवलं, दर वर्षी कुठली ना कुठली सहल पॅलेसला जायची, पण माझा नंबर कधी लागला नाही, कारण गणिताच्या बाईंना सहलीला न्यावं असं कुठल्याच वर्गाला वाटलं नाही.

मग यांनी लांज्याच्या एका गॅरेजमागे गवतात उभी असलेली जुनी मिनीबस आणली. कुठल्याशा संस्थेची होती एवढंच गॅरेजवाल्याने सांगितलं होतं. पावसाळाभर हे तिच्यात घुसून बसले. आत तीन बिछाने झाले, दोन खाली आणि एक वर. गॅसची शेगडी आली, पाण्याची टाकी आली, पंखा आला. सगळ्याला जहाजावरची नावं. स्वयंपाकाची जागा ती गॅली, बिछाना तो बंक. उजवी-डावी बाजू म्हणायची नाही, स्टारबोर्ड आणि पोर्ट म्हणायचं. एका कोपऱ्यात पडद्यामागे यांनी संडासाची सोयही केली होती. ती पाहून वन्संनी जाहीर केलं, "ज्या खोलीत भात शिजतो त्या खोलीत मी हे करणार नाही. मी गावात कुणाकडे तरी जाईन. कोणी नाही म्हणत नाही."

वन्सं म्हणजे यांची मोठी बहीण, वय त्र्याहत्तर. सरकारी आरोग्य केंद्रात नर्स म्हणून आयुष्य गेलं. लग्न केलं नाही. हे समुद्रावर असायचे तेव्हा घरात आम्ही दोघी. खरं सांगायचं तर माझा संसार झाला तो वन्संबरोबरच. त्यामुळे हे जेव्हा म्हणाले, "आपण दोघं गाडी घेऊन तीन दिवस फिरू या," तेव्हा माझ्या तोंडून आपसूक गेलं, "आणि वन्सं?" वन्संची पिशवी तोवर भरूनही झाली होती. तीत चार पातळं, मेतकूट, लसणीची चटणी आणि रक्तदाब मोजायचं यंत्र होतं. ते यंत्र घेतल्याशिवाय त्या भाजी आणायलाही जात नाहीत.

तर अशी ही आमची सहल डिसेंबरातल्या एका सकाळी डोळ्यासकट कसब्यात शिरली.

कसब्याचं कर्णेश्वराचं देऊळ काळ्या दगडाचं, नदीच्या संगमाजवळ. यांनी आधीच सगळी माहिती वहीत उतरवून आणली होती. गाडी झाडाखाली उभी केली आणि आम्हाला घेऊन हे देवळात गेले. खांबावरची एकेक आकृती दाखवत, छताकडे बोट करत यांचं चालू झालं. अर्धा तास झाला असेल. छतातलं कमळ बघता बघता माझी मान अवघडली म्हणून मी खाली बघितलं, तर वन्सं नाहीत.

बाहेर येऊन बघते तो गाडीपुढे रांग. बायका, म्हातारे, एक हात गळ्यात बांधलेला माणूस, दोघीतिघी आधार कार्ड हातात घेतलेल्या. गाडीच्या पायरीवर वन्सं बसल्या होत्या आणि त्यांच्यासमोर यांची घडीची खुर्ची मांडून त्यावर एक आजोबा, बाही दंडापर्यंत वर केलेली.

"वन्सं, हे काय?"

"काय म्हणजे? लोक येऊन उभे राहिले. मी म्हटलं डोळे तपासणारं कोणी नाही. तर म्हणाले, मग काय तपासता? मी म्हटलं, ब्लडप्रेशर. तर बसले."

हे मागून आले. रांग बघितली. खरं सांगून टाकावं म्हणून पुढे झाले आणि जहाजावरच्या आवाजात म्हणाले, "मंडळी, हा कँप नाही. ही आमची खाजगी गाडी आहे. आम्ही देऊळ बघायला आलोय."

रांगेतल्या पहिल्या बाईने यांच्याकडे अपार समजुतीने बघितलं. "देऊल बगा नं तुमी. आमी थांबतंव."

हे परत देवळात गेले, आणि मी रांगेतल्या लोकांची नावं, वय आणि आकडे वहीत लिहायला बसले. वन्सं कोणाला औषध सांगत नव्हत्या. ज्याचा आकडा जास्त त्याला नुसतं दरडावायच्या, "उद्या आरोग्य केंद्रात जायचं. डॉक्टरला हा कागद दाखवायचा. मी पुढच्या महिन्यात येऊन विचारणार." त्या पुढच्या महिन्यात येणार नव्हत्या, पण त्यांचा सूर असा की समोरचा माणूस लगेच निघायच्या तयारीला लागे.

माझा चष्मा गेला तो तिथेच. एक आजी आल्या, फार वाकलेल्या. त्यांना रक्तदाबात गंमत वाटेना. त्या माझ्या तोंडाकडे बघत बसल्या आणि म्हणाल्या, "ताय, तुजा चस्मा लावून बगू?"

मी दिला. त्यांनी तो नाकावर बसवला आणि हळूहळू मान वर केली. मग नदीपलीकडे बोट केलं.

"ता माजा घर."

"बरं."

"कौलावर भोपला हाय." थोड्या वेळाने म्हणाल्या, "सुनेनं सांगितलंच नाय मना, भोपला धरलाय म्हनून."

मग त्यांनी देवळाचा कळस बघितला, कळसावरचा पक्षी बघितला, रांगेतल्या एकेकाचं तोंड बघितलं आणि एका माणसाला "तू इतका म्हातारा कदी झालास रं?" असं विचारलं. माझा नंबर वजा चार. वन्सं माझ्या कानात म्हणाल्या की मोतीबिंदू पिकायला लागला की असं होतं, लांबचा चष्मा लागू पडतो, पण ऑपरेशनला पर्याय नाही. आजींच्या सुनेला बोलावून त्यांनी ते नीट समजावलं, कुठे न्यायचं तेही कागदावर लिहून दिलं. हे सगळं होईपर्यंत आजी चष्म्यासकट घराच्या वाटेला लागल्या होत्या. काठी न टेकता. मी दोन पावलं मागे गेले आणि थांबले. तुमच्यातल्या कोणाला मागून हाक मारता आली असती तर मारून दाखवावी.

दुसरा चष्मा घरी कपाटात होता.

दुपारी सरपंच आले. त्यांना कँपची आगाऊ सूचना न मिळाल्याबद्दल त्यांनी आधी नाराजी व्यक्त केली आणि मग यांना शाल-नारळ देऊन झेंडूचा हार घातला. यांनी पुन्हा एकदा खरं सांगायचा प्रयत्न केला. सरपंच म्हणाले, "साहेब, हाच मोठेपणा." शेवटी यांना चार शब्द बोलावे लागले. हे कर्णेश्वराच्या छतावर बोलले. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि विचारलं, पुढच्या वेळी दातांचं आणाल काय.

दुसऱ्या दिवशी निघताना यांनी ठरवलं की डोळा झाकायचा. गॅलीतल्या दोन पांढऱ्या चादरी काढल्या, एक पोर्टला, एक स्टारबोर्डला, दोरीने घट्ट बांधल्या. वन्सं म्हणाल्या, "हे काहीतरी भलतंच दिसतंय." पण यांना वाटलं आता बरोबर झालं. चिपळूणवरून गुहागरकडे वळलो तेव्हा माझ्या लक्षात आलं की समोरून येणाऱ्या गाड्या आम्हाला फारच अदबीने वाट देतायत. शृंगारतळीच्या बाजारात तर एक माणूस सायकलवरून उतरून उभाच राहिला. चष्मा नसल्यामुळे त्याचा चेहरा मला दिसला नाही, नाहीतर तिथेच उलगडा झाला असता.

हेदवीला पोचलो. दशभुजा गणपतीचं दर्शन झालं, जेवण झालं. वन्सं दुपारच्या झोपेला खालच्या बंकवर आडव्या झाल्या. त्यांचं पातळ पांढरं, वर पांढरं पांघरूण, पाय दाराकडे. वारा यावा म्हणून दार उघडं. मी पायरीशी कुळथाच्या पिठल्याचं भांडं घासत होते आणि हे झाडाखाली वही घेऊन बसले होते. तेवढ्यात देवळाच्या बाजूने एक गृहस्थ आले. दारातून आत बघितलं, टोपी काढली, आणि यांच्याजवळ जाऊन अगदी हलक्या आवाजात विचारलं, "कधी झालं?"

यांना वाटलं निवृत्तीबद्दल विचारतायत. "झाले की आठ महिने," हे आनंदाने म्हणाले.

गृहस्थ जरा मागे सरकले. "आठ महिने?"

"हो. आता असंच फिरायचं. जिथे जागा मिळेल तिथे मुक्काम."

"आणि घरचे काही म्हणत नाहीत?"

"घरचे बरोबरच आहेत. ही बायको. आणि आत बहीण."

त्या गृहस्थांनी माझ्याकडे बघितलं. मी भांडं घासत होते. "मग आता नेणार कुठे?"

"उद्या फेरीबोटीतून जयगडला. मग आरे-वारेला समुद्र दाखवू. संध्याकाळपर्यंत पॅलेस. तिला फार दिवसांपासून बघायचा होता हो. तब्येत, नोकरी, कधी जमलंच नाही."

गृहस्थांनी रुमाल काढून डोळे पुसले. खरंच. यांचा हात हातात घेऊन ते म्हणाले, "असा भाऊ मिळायला भाग्य लागतं." आणि शेवटचा नमस्कार करायला म्हणून ते दाराशी गेले, वाकले, आणि वन्संच्या पायांना हात लावला.

वन्सं उठून बसल्या. "कोण आहे रे? किती वाजले?"

मी चाळीस वर्षं वर्गात मुलं पडलेली पाहिली आहेत, पण माणूस असा जागच्या जागी खाली बसलेला मी कधी पाहिला नाही. घसरले नाहीत, कोसळले नाहीत, नुसते बसले, लाल मातीत, टोपी हातात घेऊन. वन्संनी खाली उतरून आधी त्यांचं मनगट धरलं, मग यंत्र काढलं. मी पाणी दिलं. पाचेक मिनिटांनी त्यांना शब्द फुटला तेव्हा ते म्हणाले, "माझी बहीण मुंबईला असते. तीन वर्षं झाली फोन नाही केला."

"मग आता कर," वन्संनी फर्मावलं.

त्यांनी तिथेच बसून केला. पलीकडून बहुधा काय झालं असं विचारलं असावं, कारण ते म्हणाले, "काही नाही गो, सगळे बरे आहेत. एक बाई उठून बसली, म्हणून केला." जाताना आम्हाला घरी नेऊन त्यांनी कोकमाचं सरबत दिलं, आणि वन्संची सकाळ-संध्याकाळची सोयही त्याच घरी झाली. चादरी यांनी सोडल्या आणि घडी करून ठेवल्या.

तिसऱ्या दिवशी तवसाळच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट बघत उभे होतो तेव्हा डोळा पुन्हा लखलखीत. बोटीवर गाडी चढली आणि हे गाडीतून उतरून कठड्याला टेकले. बोट सुटली. दोन मिनिटं झाली नाहीत तोच यांनी मान तिरकी केली. ही मान मी ओळखते. घरी मिक्सर लावला की अशीच तिरकी होते.

"याचं एक सिलिंडर नीट पेटत नाहीये," हे म्हणाले, आणि दिसेनासे झाले.

खाडी ओलांडेपर्यंत हे इंजिनाशी होते. बोटीचा इंजिनवाला आधी चिडला, मग ऐकायला लागला, मग दोघं मिळून कान लावून उभे राहिले. जयगडला गाड्या उतरायला लागल्या तरी यांचा पत्ता नाही. आमच्या मागे दोन जीपवाले हॉर्न वाजवतायत, मला चष्म्याशिवाय समोरची फळी दिसत नाही, आणि वन्संना आयुष्यात सायकलही चालवता आलेली नाही. शेवटी बोट आम्हाला घेऊनच परत तवसाळला गेली. आणि पुन्हा जयगडला आली. हे वर आले तेव्हा हात कोपरापर्यंत काळे आणि तोंडावर असं समाधान, जे मी लग्नाच्या फोटोतही पाहिलेलं नाही.

"आता ऐका आवाज," हे म्हणाले.

मला दोन्ही आवाज सारखेच वाटले. पण इंजिनवाल्याने यांना मिठी मारली, म्हणजे काहीतरी झालं असणार.

आरे-वारेला डबा खायला थांबलो. वरच्या वळणावरून दोन्ही किनारे दिसतात म्हणतात. मला एक पांढरा पट्टा आणि एक निळा पट्टा दिसला. हे हात धुऊन माझ्याशेजारी येऊन बसले. मग म्हणाले, "जहाजावरून, बाहेरच्या बाजूने जाताना हा किनारा कितीदा पाहिलाय. रात्रपाळी संपवून वर यायचो. दुर्बीण घेऊन बघायचो, दिवा ओळखता येतो का आपल्याकडचा."

"मग? यायचा?"

"नाही. फार लांब. पण मी सगळ्यांना सांगायचो, तो बघा, ते माझं गाव."

मला हे माहीत नव्हतं. वन्संनाही नसावं. त्यांनी यांच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली, मागितली नसताना.

पॅलेसपाशी पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. मी म्हटलं, घर दहा मिनिटांवर आहे, पटकन जाऊन चष्मा आणू. हे म्हणाले, "सहल संपेपर्यंत घरी जायचं नाही. घरी गेलो की संपली." यावर वाद घालण्यासारखं काही होतं, पण दार बंद व्हायला तासभरच उरला होता.

दारावरचा रखवालदार पन्नाशीतला, उंच, खाकी शर्ट. गाडी बघून म्हणाला, "आज कँपची काही ऑर्डर नाही आली."

"आम्ही बघायला आलोय," मी म्हटलं.

"बघायला तर सगळेच येतात," तो म्हणाला आणि कपाळ पुसलं. हवा थंड होती.

आत संग्रहालय आहे. हे पाट्या मोठ्याने वाचत पुढे, मी मागे. मला जे दिसलं ते सांगते. मोठमोठे तांबूस आकार, अर्धगोल खिडक्यांतून येणारा उजेड, पायाखाली गार संगमरवर. एका कपाटापुढे एक बाई उभ्या होत्या. त्या बाजूला व्हाव्यात म्हणून मी शिस्तीत थांबले. दोन मिनिटांनी "एक्सक्यूज मी" म्हटलं. मग "बाई, जरा" म्हटलं. हे परत आले आणि म्हणाले, "ती दगडाची आहे." मूर्ती होती. शेकडो वर्षं जुनी, मी सरक म्हटल्याने थोडीच सरकणार.

वन्सं आमच्याबरोबर आत आल्याच नव्हत्या. त्या दाराशी रखवालदाराकडे बघत उभ्या राहिल्या होत्या. मी बाहेर आले तर त्याला त्यांनी त्याच्याच स्टुलावर बसवलं होतं.

"डोकं कधीपासून दुखतंय?"

"सकाळपासून. होतं असं. चहा घेतला की जातं."

"किती चहा घेतलेस?"

"सात."

यंत्राची हवा सुटली. वन्संनी पुन्हा भरली, पुन्हा सोडली. मग माझ्याकडे बघून फक्त मान हलवली. तीस वर्षं एका घरात काढल्यावर तेवढं पुरतं.

"चल. दवाखान्यात."

"आत्ता? ड्यूटी संपल्यावर जातो."

"ड्यूटी संपेपर्यंत तू असशील तर ना."

तो बिचकला. पण रखवालदार तो रखवालदार. म्हणाला, असं उघडं टाकून जाता येत नाही, वरच्यांना फोन करायला हवा, कुलूप घालायला हवं. वन्सं म्हणाल्या, फोन गाडीतून कर. त्याने आतले दिवे मालवले, मोठं दार ओढलं, कुलूप घातलं, किल्ल्यांचा जुडगा कमरेला अडकवला. वन्संनी एका बाजूने धरला, मी दुसऱ्या. पायऱ्या उतरून, अंगण ओलांडून आम्ही त्याला गाडीपाशी आणला, आत बंकवर निजवला, दार लावलं, आणि मग मी आणि वन्सं एकमेकींकडे बघत उभ्या राहिलो.

गाडी कोण चालवणार?

"अगो, तो कुठे आहे?" वन्संनी विचारलं.

रखवालदार आतून क्षीण आवाजात म्हणाला, "वहीवाले साहेब? ते तर आतच होते."

त्याच वेळी राजवाड्याच्या एका खिडकीतून आवाज आला. इंजिनरूममध्ये चार यंत्रं चालू असताना पलीकडच्या माणसाला ऐकू जावा असा कमावलेला आवाज. "आम्ही आत आहोत! दार लावू नका! आम्ही आत आहोत!" एकटेच होते, पण 'आम्ही' म्हणत होते. मला खिडकीत नुसता एक पांढरा ठिपका हलताना दिसला. फाटकापाशी फोटो काढत उभी असलेली एक पुण्याची जोडी होती. त्यातली ती म्हणाली, "अय्या, इथे लाइट अँड साउंड शो पण असतो?"

मला हसू आलं. ते यायला नको होतं, आत एक माणूस आजारी होता, पण आलं. वन्संनाही आलं. आम्ही दोघी हसत हसत किल्ल्या घेऊन धावलो. मला कुलपाचं भोक दिसेना, वन्सं जुडग्यातली एकेक किल्ली लावून बघत होत्या, आणि दाराच्या पलीकडून हे सूचना देत होते, "घड्याळाच्या दिशेने! आधी आत दाब, मग फिरव!" शेवटी त्या पुण्याच्या मुलाने कुलूप उघडलं. हे बाहेर आले. केसांना जळमटं, वही छातीशी.

"राजाला वर्षानुवर्षं ठेवला होता," हे म्हणाले. "मला दहा मिनिटं पुरली."

"नंतर," वन्सं म्हणाल्या. "गाडी काढ."

दवाखान्याच्या फाटकावर आमच्या गाडीला कोणी अडवलं नाही. उलट डोळा बघून शिपायाने हाताने इशारा करत थेट आतल्या रांगेत घेतलं. तरुण डॉक्टरणीने रखवालदाराला तपासलं, लगेच दाखल करून घेतलं, आणि वन्संना विचारलं, "तुम्ही कुठल्या कँपकडून?"

वन्संनी आमच्याकडे बघितलं. तीन दिवस सगळ्यांना खरं सांगून सांगून आमची दमछाक झाली होती.

"आमचा आमचाच आहे," त्या म्हणाल्या.

आकडा उतरायला दोन दिवस लागले. डॉक्टरणीने सांगितलं की वेळेवर आणलंत, आणखी एक-दोन तासांनी काय झालं असतं सांगता येत नाही. रखवालदाराची बायको पावस गावाहून आली. ती वन्संचे हात सोडेना. वन्संना असलं काही झेपत नाही. त्यांनी तिला जेवणात मीठ किती टाकायचं यावर बोलायला लावलं आणि वेळ मारून नेली.

रखवालदाराला दाखल केलं त्या संध्याकाळी यांच्या मते सहलीची एक रात्र अजून बाकी होती. आम्ही आमच्याच इमारतीच्या आवारात गाडी लावली, वर घरात न जाता मऊभात करून खाल्ला आणि बंकवर झोपलो. सकाळी सोसायटीच्या सेक्रेटरींनी खिडकीवर टकटक करून सांगितलं की बाहेरच्या गाड्यांना इथे परवानगी नाही. यांनी डोकं बाहेर काढल्यावर त्यांनी 'सॉरी' म्हटलं, आणि जाता जाता विचारलं, "माझ्या आईला पण तपासायला घेऊन येऊ काय?"

जानेवारीत एका रविवारी रखवालदाराचा फोन आला. तो कामावर रुजू झाला होता, बारीक झाला होता. वरच्या मजल्यावर एरवी कोणाला सोडत नाहीत, पण त्याने साहेबांना विचारून आमच्यासाठी परवानगी काढली होती. आम्ही तिघं रिक्षाने गेलो. नवा चष्मा लावून मी प्रत्येक पाटी स्वतः वाचली आणि यांनी त्या दिवशी मला दोन ठिकाणी चुकीचं वाचून दाखवलं होतं हे सिद्ध केलं.

वरच्या सज्जातून खाडी दिसते आणि पलीकडे समुद्र. रखवालदाराने लाकडी कठड्यावर हात ठेवला आणि सांगितलं की राजा इथे दुर्बीण घेऊन बसायचा म्हणतात, येणारी-जाणारी जहाजं बघत. हे त्याच्याजवळ जाऊन उभे राहिले. क्षितिजावर एक जहाज होतं, काडीएवढं.

"रिकामं चाललंय," हे म्हणाले. "बघ, किती वर तरंगतंय."

"तुम्हाला इथून कळतं?" रखवालदाराने विचारलं.

मग ते दोघे बराच वेळ जहाजांवर बोलत राहिले. मी आणि वन्सं संगमरवराच्या पायरीवर बसलो. वन्संनी पिशवीतून यंत्र काढून मांडीवर ठेवलं आणि त्यांचं बोलणं संपायची वाट बघायला लागल्या.